काट्यांना पुरून उरणारे हातमोजे

हातमोजे ही काही अडीच महिने शोधायची वस्तू नाही. साध्या माणसाला बागकामाचे हातमोजे हवे असले तर तो पायात चपला अडकवतो, कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, टांगलेल्या जोड्यांपैकी एक ओढून घेतो आणि चहाच्या वेळेला घरी परत येतो. पण आमचे नमुनेसाहेब साधे माणूस असते, तर ही गोष्ट सांगायची वेळ कशाला आली असती?

कारखान्याच्या खरेदी खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. टाचणीपासून बॉयलरपर्यंत जे जे कारखान्यात आलं, ते यांच्या टेबलावरून गेलं, आणि ‘आधी नमुना दाखवा’ म्हटल्याशिवाय यांनी काहीही आत घेतलं नाही. बॉयलरवाल्याकडेही नमुना मागितला होता म्हणतात, खरंखोटं देव जाणे. तेव्हापासून लोक त्यांना तोंडावर नमुनेसाहेब म्हणत आणि पाठ वळली की नुसतंच नमुना. निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, पण सुंभ जळला तरी पीळ जळतो थोडाच! घरातला साधा झाडूसुद्धा तीन दुकानांतून तीन आणून, तीन खोल्या झाडून, मग एक ठेवून घेतला जाई. उरलेले दोन परत करायला जायचं काम वहिनींचं.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी बिल्डिंग त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू. वहिनींचं छातीच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं आणि कॅन्सरच्या गाठीबरोबर काखेतल्या ग्रंथीही काढल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की या हाताला यापुढे सुई टोचायची नाही, रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, चिरणं-कापणं जपून करायचं आणि काटा तर लागू द्यायचाच नाही. जखमेत जंतू गेले तर हात सुजून लोडासारखा होईल आणि मग काही केल्या उतरणार नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, की बाई, तुम्ही दिवसभर करता काय? वहिनी म्हणाल्या, "गुलाब."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गच्चीवर अकरा कुंड्या, सगळ्या गुलाबाच्या, हे त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, करा, मन रमायला काहीतरी हवंच, पण जाड हातमोजे घालून. त्यातलं ‘करा’ तेवढं वहिनींनी ऐकलं आणि ‘जाड हातमोजे’ तेवढे नमुनेसाहेबांनी. पुढचा सगळा घोळ इथून सुरू झाला.

घरी आल्यावर हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी नमुनेसाहेब वर गेले, गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि चावी पायजम्याच्या नाडीला बांधून खाली आले. मंजूर हातमोजे येईपर्यंत गच्ची बंद. वहिनी म्हणाल्या की अहो, छाटणीचे दिवस आलेत, नवे डोळे फुटायच्या आत फांद्या कापायला हव्यात, कोपऱ्यावरचे कसलेही हातमोजे आणा, चालतील. ‘कसलेही’ हा शब्द नमुनेसाहेबांना जिव्हारी लागला. तुझ्या हाताला कसलेही? असं म्हणताना त्यांचा आवाज जरा चिरकला, आणि तो चिरकला म्हणून ते आणखीच चिडले.

त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ऑपरेशनच्या दिवशी हा माणूस बंद दाराबाहेर पाच तास बसून होता. आत काय वापरतात, कोणाचं, कोणत्या प्रतीचं, हे त्यांना एका शब्दाने कोणी विचारलं नव्हतं. औषधं डॉक्टरांनी ठरवली, तारखा नर्सने ठरवल्या, पथ्य चिठ्ठीवर छापूनच आलं. बायकोच्या सगळ्या आजारपणात हातमोजे हे एकच खातं त्यांच्याकडे आलं होतं. ते ते हलगर्जीपणे चालवणार होते थोडेच?

त्यांनी नवी वही घातली. त्यात रकाने आखले: नमुना क्रमांक, कोठून आणला, काटा, शिवण, पकड, आणि शेवटी आयुष्य. आयुष्याच्या रकान्याच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं, ‘किमान पाच वर्षे’. चाचणीची पद्धतही ठरली. नमुना स्वतःच्या हातात चढवायचा, गच्चीवर जायचं, सगळ्यात जाड फांदी मुठीत गच्च आवळायची, दहा आकडे मोजायचे, मग मोजा काढून तळहाताला किती भोकं पडली ते वहीत लिहायचं.

पहिला नमुना कोपऱ्यावरचा, कापडी, तळव्याला रबराचे ठिपके असलेला. सात भोकं. दुसरा भांडी घासायचा रबरी. त्याची भोकं मोजण्यात अर्थ नव्हता, कारण मोजाच फांदीवर राहिला. तिसरा बागकामाच्या मोठ्या दुकानातला, पाकिटावर हसऱ्या बाईचं चित्र. काटे बाहेर राहिले, पण चौथ्या चाचणीला अंगठ्याची शिवण उसवली. नमुनेसाहेबांनी दुकानदाराला ती उसवलेली शिवण दाखवली, तर तो म्हणाला की साहेब, हे मोजे बागेत घालायचे असतात, काटे आवळायला नाहीत. या उत्तरावर नमुनेसाहेबांनी पाकिटावर छापलेल्या पत्त्यावर तीन पानी पत्र लिहिलं. ते ‘पत्त्यावर कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं.

आता, घरात आजारी माणूस असलं की शेजारी कसे वागतात हे तुम्हाला सांगायला नको. आजाराबद्दल बोलायची कोणाची छाती होत नाही, मग सगळे हातमोज्यांबद्दल बोलतात. समोरच्या मावशी म्हणाल्या, गुलाब काढून टाका आणि निवडुंग लावा, त्याला छाटणी लागत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ड्रिल मास्तर राहतात, त्यांनी तर हा विषय अंगावरच घेतला. सकाळी जिन्यात गाठून ते एक सल्ला देत आणि संध्याकाळी तो मागे घेऊन दुसरा देत. त्यांनी स्वतःचे जुने विकेटकीपरचे हातमोजे आणून दिले. काट्यांच्या बाबतीत ते अव्वल ठरले, एकही भोक नाही. फक्त ते घातल्यावर कात्री धरता येत नव्हती. कात्री उचलायला दोन्ही हात लागत, आणि मग ती मिटायला कोणीतरी तिसरा.

मास्तरांच्याच सांगण्यावरून मग वेल्डिंगच्या कारखान्यातले कोपरापर्यंतचे हातमोजे आले. ते घालून नमुनेसाहेबांनी दहा आकडे मोजले आणि मूठ उघडली, तर फांदी मुठीतच आली होती. ती होती फिक्या पिवळ्या गुलाबाची, वहिनींचा त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव. बोटांना काही कळतच नव्हतं, त्यामुळे आपण किती जोर लावतोय याचा पत्ता लागला नव्हता. त्यांनी ती फांदी कुंडीमागे दडवली आणि खाली येऊन वहीत लिहिलं, ‘पकड: गरजेपेक्षा जास्त’.

वहिनी खाली बसून रोज विचारायच्या, पानं कशी आहेत? नमुनेसाहेब म्हणायचे, हिरवी. सगळी? बहुतेक. पिवळ्याला डोळे फुटले का? डोळा म्हणजे फांदीवरची कोंब फुटायची जागा, हेच नमुनेसाहेबांना ठाऊक नव्हतं, पण बत्तीस वर्षं साहेबांना उत्तरं दिलेला माणूस, ते म्हणायचे की त्या दिशेने प्रगती आहे. वहिनी मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर बघत राहायच्या. तिथून गच्चीच्या कठड्याबाहेर आलेली एक फांदी दिसायची, तेवढीच.

एवढ्या चाचण्यांचा परिणाम व्हायचा तो झालाच. नमुनेसाहेबांच्या उजव्या तळहातात एक काटा मोडून राहिला, तो पिकला आणि हात मनगटापर्यंत सुजला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कंपाउंडरने चीर दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं आणि विचारलं की काका, हातमोजे घालायचे नाहीत का? बँडेज बांधलेला हात छातीशी धरून ते घरी आले, तेव्हा वहिनी पहिल्यांदा रागावल्या. म्हणाल्या, माझा हात वाचवायला निघालात आणि दोघांत मिळून चारातले दोन गेले. चावी मात्र त्यांनी मागूनही मिळाली नाही.

मग मास्तरांच्या भाच्याने परदेशातल्या एका कंपनीचे हातमोजे शोधून काढले. खास गुलाबांसाठी केलेले, बकरीच्या कातड्याचे, कोपरापर्यंत. ते मागवले, ते आलेसुद्धा, आणि पार्सल कचेरीत अडकले. नमुनेसाहेब कपडे करून, कागदांची फाइल काखेत मारून खिडकीशी उभे राहिले. खिडकीमागच्या कारकुनाने कागद पाहिला, पार्सल पाहिलं आणि सांगितलं की कागदावर ‘एक जोडी’ आहे, पार्सलवर ‘दोन नग’, खुलासा लिहून आणा.

एकदा याच मुद्द्यावर नमुनेसाहेबांनी स्वतः बुटांचा अख्खा ट्रक कारखान्याच्या फाटकातून परत पाठवला होता. तो बूटवाला फाटकाबाहेर दगडावर डोकं धरून बसला होता आणि यांनी त्याला सांगितलं होतं की जोडी म्हणजे जोडी आणि नग म्हणजे नग. आता तेच कारकुनाला समजावू लागले की अहो, दोन नग म्हणजेच एक जोडी, हातच दोन असतात माणसाला. कारकून म्हणाला, ते मला माहीत आहे, पण लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं आणि बँडेजच्या हाताने खाली सही केली. कारकुनाने ती सही ओळखपत्राशी ताडून पाहिली आणि कागद परत सरकवला.

"सही नमुन्याशी जुळत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाने नमुनेसाहेब घायाळ झाले. बँडेज सुटेपर्यंत बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सही अगदी हुबेहूब करायची तयारी करून ते गेले, तेव्हा पार्सल दहाव्या दिवशीच पाठवणाऱ्याकडे परत गेलं होतं. नियमाचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. तो त्यांनी दोनदा वाचला. नियमात कुठेही खोट नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

दुष्काळात तेरावा महिना, तसा त्याच आठवड्यात वहिनींच्या तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून यकृतावरचे तीन डाग पेनाच्या टोकाने दाखवले. नमुनेसाहेबांनी मुदत विचारली. त्यांना दुसरा शब्द सुचला नाही. डॉक्टर म्हणाले, महिन्यांत मोजायचं, वर्षांत नाही. वहिनींनी मान डोलावली, दूधवाला उद्या येणार नाही असा निरोप ऐकावा तशी. दवाखान्याच्या जिन्यात एका पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, "आता तरी चावी द्या."

"हातमोजे आले की देतो."

"आता कसला हात सांभाळायचा राहिलाय?"

घरी येऊन नमुनेसाहेबांनी वही उघडली, आयुष्याच्या रकान्यावरचं ‘पाच’ खोडलं आणि ‘दहा’ लिहिलं. याला वेड म्हणा, हट्ट म्हणा, दुसरं काही म्हणा. ते मनातून पुरते घाबरले होते. माल दहा वर्षांचा घेतला की तो वापरणाऱ्यालाही तेवढं थांबावं लागतं, असं काहीसं त्यांच्या डोक्यात होतं. मंजूर झालेला माल वापरणाऱ्याविना कपाटात पडून राहिला, असं त्यांच्या खात्यात बत्तीस वर्षांत झालं नव्हतं.

आणि मग दवाखान्याच्या रस्त्यावर त्यांना एक मोची सापडला. बूट-चपला तो शिवायचाच, पण जनावरांच्या दवाखान्यातल्या लोकांसाठी चावरी कुत्री धरायचे हातमोजेही त्याच्याकडूनच जात. नमुनेसाहेबांनी सवयीने नमुना मागितला. मोची म्हणाला, नमुना नसतो साहेब, एका हाताचं दुसऱ्या हाताला येत नाही, हातांचं माप आणा. दहा वर्षं टिकतील का, असं विचारल्यावर त्याने आरीचं टोक कातड्यावर टेकवून जरा विचार केला. चामडं टिकेल, म्हणाला, हातांचं मी सांगू शकत नाही. नमुनेसाहेब भडकून दहा पावलं पुढे गेले आणि परत आले. दुसरा कोणी उरलाच नव्हता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी वहिनींचे हात कागदावर ठेवायला लावले आणि पेन्सिल फिरवून माप काढलं. वहिनी म्हणाल्या, गुदगुल्या होतात, जरा लवकर. बोटं वाळून काटकी झाली होती. दोन बोटांच्या टोकांवर जुन्या काट्यांचे काळे ठिपके राहिले होते. छत्तीस वर्षांच्या संसारात हा हात त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. पेन्सिल दोनदा मोडली. माप घेऊन दुसऱ्या दिवशी ते मोच्याला देऊन आले आणि आयुष्यात पहिल्यांदा नमुन्याशिवाय ऑर्डर दिली. मोच्याने आठ दिवस मागितले.

त्या आठ दिवसांत वहिनींचं जेवण निम्म्यावर आलं. दुपारी त्या खुर्चीतच डुलक्या काढायच्या. मावशींनी येऊन सांगितलं की कुलूप काढा हो, बघवत नाही. मास्तरांनी तर सल्लाच दिला नाही, नुसतेच जिन्यात उभे राहिले. नमुनेसाहेब सगळ्यांना एकच सांगायचे, की गुरुवारी येतायत.

गुरुवारी मोच्याने कागदात गुंडाळलेली जोडी पुढे ठेवली. जाड, पिवळसर चामडं, दुहेरी शिवण, मनगटाला बंद. नमुनेसाहेबांनी शिवण ओढली, अंगठा वाकवला, उजेडावर धरून पाहिली. कुठेच काही सापडेना. मग त्यांच्या लक्षात आलं की ही जोडी प्रचंड मोठी आहे. वहिनींचे दोन्ही हात एकाच मोज्यात मावले असते. माल नाकारण्यात तर यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अडीच महिन्यांचा सगळा संताप त्या मोच्यावर निघाला. माप दिलं होतं की नाही? दोन्ही हातांचं? कागदावर? मग हे कोणा राक्षसाचे हात आहेत? येणारेजाणारे थांबून बघायला लागले. मोच्याने पूर्ण बोलू दिलं.

"घालून बघा," तो म्हणाला.

नमुनेसाहेबांनी तावातावाने हात आत घातला. मोजा बरोब्बर बसला, बोटांच्या टोकांपर्यंत.

मोच्याने पेटीतून एक कागद काढून दिला. बाई स्वतः आल्या होत्या, म्हणाला, मंगळवारी, गाडी करून. तुम्ही औषधांच्या रांगेत होता म्हणाल्या. बसायला स्टूल दिलं, तर पाणी मागितलं आणि बराच वेळ बसून राहिल्या. कागद दवाखान्याचाच, पाठकोरा. त्यावर दोन हात काढलेले होते, रेघ ठिकठिकाणी थरथरलेली, जाड सांध्यांचे, नमुनेसाहेबांचे. दुपारी जेवून झोपले की त्यांना तोफा डागल्या तरी जाग येत नाही, हे वहिनींइतकं कोणाला ठाऊक असणार? खाली वहिनींच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आधीचे माप रद्द समजावे. हे माप कायम.’

छत्तीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून जी भाषा ऐकली, त्याच भाषेत त्यांनी कळवलं होतं. नमुनेसाहेब गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि भर रस्त्यात रडले. मोची खाली मान घालून एका टाचेला खिळे मारत राहिला.

घरी आले तेव्हा वहिनी केस विंचरून, चपला घालून दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, बसतात का? नमुनेसाहेब म्हणाले, बसतात. मग त्यांनी नाडीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना, शेवटी वहिनींनीच कात्रीने कापली. बावीस पायऱ्या चढायला चार ठिकाणी थांबावं लागलं. खुर्ची मास्तरांनी वर आणून ठेवली आणि ते खाली गेले.

गच्चीवर झाडांची नुसती रानं झाली होती. काड्या वाढून कठड्याबाहेर गेल्या होत्या, अर्धे डोळे आधीच फुटून कोंब लांबले होते. पिवळ्याची मोडकी फांदी कुंडीमागे वाळून पडली होती. वहिनींनी ती पाहिली. नमुनेसाहेब म्हणाले, उशीर झाला ना, माझ्यामुळे. वहिनी म्हणाल्या, झाला, पण गुलाब माणसांइतके मानी नसतात, फुटतात पुन्हा. मग त्यांनी बोटाने दाखवलं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या थोडं वर, तिरका काप. नमुनेसाहेबांनी कापला, तो आडवा गेला. दुसरा फार वर गेला. तिसऱ्याला त्यांनी डोळाच कापून टाकला, आणि वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, न चिडता, घाई असलेल्या माणसाने सांगावं तसं. काटे चामड्यावर आपटत होते आणि एकही आत येत नव्हता.

"अगं, मोची म्हणाला, हे दहा वर्षं टिकतील," नमुनेसाहेब म्हणाले.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "झाडं त्याहून जास्त जगतात. आता ती मागची फांदी धरा."

नमुनेसाहेबांनी मागची फांदी धरली.